भिंत बदलते, फोटो राहतो

तुम्ही स्टेट कॉलेजमध्ये राहत असाल किंवा मुलांना पेन स्टेटला सोडायला इथे येऊन गेला असाल, तर हाइस्टर स्ट्रीटवरची रंगवलेली लांबलचक भिंत तुम्ही पाहिली असेल. गावातली आणि विद्यापीठातली कितीतरी माणसं त्या चित्रात एकत्र उभी आहेत. आज तुम्हाला एक विनंती करायची आहे, आणि तिची सुरुवात या भिंतीपासून.

हे चित्र मायकेल पिलाटो यांचं. फुटबॉल संघाचे माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की त्यात होते. नोव्हेंबर २०११ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून त्यांना अटक झाली आणि चित्रकाराने त्यांचं चित्र पुसलं. त्या जागी रिकामी खुर्ची आणि निळी फीत आली. निळी फीत ही अत्याचार सोसलेल्या मुलांच्या बाजूने उभं राहण्याची खूण. पुढे तिथे पीडितांसाठी बोलणाऱ्या कवयित्री डोरा मॅक्वेड आल्या. मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या डोक्यामागे प्रभावळ रंगवली गेली. जुलैत तीही पुसली गेली.

गावाचा राग, दुःख, लाज, सगळं त्या भिंतीवर उमटत गेलं. पण नंतर भिंत पाहणाऱ्याला रिकामी खुर्ची दिसत नाही, प्रभावळही दिसत नाही. त्या राहिल्या त्या वेळी कुणी काढलेल्या फोटोंत.

मोर्चातले फलक तर भिंतीपेक्षाही अल्पायुषी. पुठ्ठ्यावर मार्करने रात्री जागून रंगवलेला फलक दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. ते अक्षर, तो विनोद, तो संताप ही लोकांची कलाच आहे. म्हणून फोटो काढा. पण नुसता फोटो पुरत नाही, त्याखाली चार ओळीही हव्यात.

का, ते सांगते. ९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री पॅटर्नोंना काढल्याची बातमी आली. हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, टीव्हीची एक गाडी उलटवली गेली. तो फोटो जगभर गेला. दोनच दिवसांनी, ११ तारखेला, ओल्ड मेनच्या हिरवळीवर हजारो विद्यार्थी हातात मेणबत्त्या घेऊन पीडित मुलांसाठी उभे राहिले. गाव तेच, आठवडा तोच. पहिलाच फोटो ठेवला आणि तारीख लिहिली नाही, तर स्टेट कॉलेजवर अन्याय होतो. दुसराच ठेवला, तर पहिली रात्र लपवली जाते.

आता आपल्याकडचं उदाहरण. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी बांधव सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. लाल टोप्यांची रांग सगळ्यांनी पाहिली. पण मनाला लागले ते भेगाळलेल्या, फोड आलेल्या पायांचे फोटो. त्यात चेहरा नव्हता, तरी सगळं कळत होतं. आणि ११ मार्चच्या रात्री ही माणसं विश्रांती सोडून पुन्हा चालू लागली, कारण दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती आणि मुलांना रस्त्यात अडथळा नको होता. हे कारण कुठल्याही फोटोत दिसत नाही. ते कुणीतरी लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

तेव्हा फोटो काढल्यावर त्याच रात्री चार गोष्टी लिहा: तारीख, जागा, फलकावरचे नेमके शब्द, आणि त्याच्या आधी व नंतर काय झालं. फलक समोरून, चारही कोपरे येतील असा घ्या. जमल्यास तो धरणाऱ्याला विचारा, “हे का लिहिलंत?” मराठीत लिहा, घरातल्या आजी-आजोबांनाही वाचता येईल.

आणि थोडी काळजी. सार्वजनिक जागेत फोटो काढण्याचा हक्क अमेरिकेत घटनेने दिलेला आहे. तरी पोलिसांनी मागे व्हा म्हटलं, तर मागे व्हा. अटक झालेल्या माणसाचा फोन तपासायला पोलिसांना सहसा न्यायालयाचं वॉरंट लागतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निर्णय आहे. विमानतळावर परदेशातून येताना होणाऱ्या तपासणीला मात्र तो तसाच्या तसा लागू होत नाही. आपली बरीच मुलं व्हिसावर आहेत, म्हणून हा फरक त्यांना सांगून ठेवा.

जी काळजी आपल्या मुलांची, तीच समोरच्याचीही. फोटोत ओळखू येणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय तो सगळीकडे पाठवू नका. फोनमधल्या फोटोत बहुधा वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलेलं असतं. पाठवायच्या प्रतीतून ठिकाण काढून टाका, मूळ फोटो मात्र तसाच जपा. चेहरा टाळायचा असेल तर हात घ्या, फलक घ्या, पाय घ्या. नाशिकच्या पायांनी किती सांगितलं, ते आपण पाहिलंच.

या शनिवारी फोन उघडा. एखाद्या मोर्चाचा, फलकाचा, भिंतीचा जुना फोटो सापडेल. मुलांना जवळ बसवा, आठवतंय तोवर त्याखाली चार ओळी लिहा.