‘हो’ आणि ‘यस्’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर ‘इंग्रजीच्या परीक्षेची तयारी’ असा विषय पाहून पुष्कळजणींनी मनात म्हटले असेल की, आता आमचे का परीक्षांचे वय राहिले आहे? तेव्हा आधीच सांगून टाकते, परीक्षा तुमची नाही. ती तुमच्या मुलांची, मुलींची, सुनांची आणि भाच्यांची आहे. पण त्यांच्या तयारीला तुमचा हात लागू शकतो, इंग्रजीचे एक अक्षर येत नसले तरी लागू शकतो, एवढेच मला सांगायचे आहे. आणि ते सांगण्यासाठी मी जरा लांबची वाट धरणार आहे. ती चीनवरून जाते.

हसू नका. चीन आपल्याला वाटतो तितका लांब नाही. आपल्या बंदरात जहाज लागते तेव्हा त्यावर पुष्कळदा चिनी कप्तान असतो, चिनी खलाशी असतात. आपला पायलट शिडीने वर चढतो आणि मग दोघांचे बोलणे सुरू होते. ते ना मराठीतून, ना चिनीतून, ते इंग्रजीतून. दोघांपैकी कोणाच्याही आईची ती भाषा नव्हे. दोघांनीही तिची परीक्षा दिलेली असते. चीनमध्ये जहाजावरच्या अधिकाऱ्याला दाखला मिळवायचा तर सागरी इंग्रजीचा वेगळा पेपर आणि वर ऐकण्याबोलण्याची चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे साध्या खलाशाच्या अभ्यासक्रमाला जायचे तरी इंग्रजीत ४० टक्के गुण हवेत, आणि अधिकारी व्हायचे तर ५०. आपल्या न्हाव्यातच ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही नाविकांना तयार करणारी जुनी संस्था आहे, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आता चिनी मुलाला इंग्रजी का जड जाते ते पाहा. त्याच्या भाषेत क्रियापद बदलत नाही. काल गेलो, आज जातो, उद्या जाईन, सगळीकडे क्रियापदाचे रूप तेच. ‘काल’, ‘उद्या’ असा शब्द जोडला की काम झाले. जहाज एक असो की दहा, शब्द तोच. तो, ती आणि ते या तिघांनाही उच्चारात एकच ‘ता’. त्यामुळे शिकलासवरलेला चिनी गृहस्थसुद्धा बोलण्याच्या भरात आपल्या बायकोला ‘ही’ म्हणून जातो. शब्दाच्या शेवटी ‘न’ किंवा ‘ङ’ यांखेरीज व्यंजन सहसा येत नाही, म्हणून ‘शिप’मधला ‘प’ तो गिळतो, नाहीतर त्याला शेपूट लावतो. हे सारे त्याच्या मठ्ठपणामुळे नव्हे. त्याची जीभ त्याच्या आईने घडवलेली आहे, इतकेच.

मग आपली जीभ कोणी घडवली? आपल्याकडे ‘व’ एकच. इंग्रजीत दोन आहेत, एक दात ओठावर टेकवून म्हणायचा आणि एक ओठ गोल करून. पहिला चिन्याच्याही भाषेत नाही, म्हणजे तिथे आपण दोघे एकाच होडीत. ‘अ’ आणि ‘द’ ही जी इंग्रजी नामाच्या पुढे लावायची चिमुकली भानगड आहे, तीही ना त्याच्याकडे, ना आपल्याकडे. उलट ‘जाळे’ आणि ‘जेवण’ यांतले दोन वेगळे ‘ज’ आपली पोरे न शिकवता बोलतात. चिन्याच्या वाक्यात क्रियापद इंग्रजीसारखे मध्येच येते, तो त्याचा फायदा. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागे, शेवटच्या बोगीत. म्हणून आपला मुलगा इंग्रजी ऐकताना वाक्याच्या शेवटाची वाट पाहतो, आणि तिकडे ‘नॉट’ केव्हाच येऊन गेलेला असतो.

या ‘नाही’चीच एक गोष्ट सांगते. नाव घेत नाही, कारण तिचा मुलगा त्या गोष्टीत आहे, आणि ती समोरच बसून आधीच पदराआड हसते आहे.

मुलगा खलाशाचा अभ्यासक्रम पुरा करून एका कंपनीत मुलाखतीला गेला. साहेबाने विचारले, “यू हॅव नॉट सेल्ड बिफोर?” म्हणजे, तू याआधी जहाजावर गेलेला नाहीस? मुलगा अदबीने म्हणाला, “यस्, सर.” आपल्या मराठीत हे अगदी बरोबर. “तू जेवला नाहीस?” “हो, नाही जेवलो.” म्हणजे तुझे म्हणणे खरे आहे. पण इंग्रजीत ‘यस्’ म्हटले की त्याचा अर्थ, गेलो आहे! साहेबाने त्याचे खलाशाचे पुस्तक चाळले. समुद्रावरच्या नोकरीची एक नोंद नाही. पुन्हा विचारले, पुन्हा “यस्, सर.” साहेबाला वाटले मुलगा खोटे बोलतो आहे. मुलाला कळेना की आपले काय चुकले. घरी आला तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. कर्ज काढून शिकवलेला मुलगा. आईच्या मनात काय आले असेल ते तुम्ही जाणताच.

गंमत अशी की, त्या खुर्चीवर चिनी मुलगा असता तर तोही ‘यस्’च म्हणाला असता. नकारार्थी प्रश्नाला चिनी माणूस आपल्यासारखेच उत्तर देतो: तुझे म्हणणे बरोबर, मी गेलो नाही. इंग्रज मात्र प्रश्नाकडे पाहत नाही, वस्तुस्थितीकडे पाहतो. गेला नाहीस ना? मग ‘नो’.

मुलाखतीत नोकरी गेली. जहाजावर असते तर काय गेले असते? ७ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत धुक्यातून ‘कॉस्को बुसान’ नावाचे जहाज निघाले. पायलट अमेरिकन, कप्तान आणि खलाशी चिनी. नकाशाच्या पडद्यावर लाल त्रिकोण दिसत होते. ते काय आहेत, असे पायलटने कप्तानाला विचारले. मिळालेल्या उत्तरावरून पायलटने पुलाखालची मोकळी वाट तिथे आहे असे धरले. पुलाच्या खांबाजवळच्या खुणांचे ते त्रिकोण होते. जहाज खांबाच्या कठड्यावर घासले आणि सुमारे २ लाख लिटर तेल खाडीत गेले. चौकशीत पायलट घेत असलेल्या औषधांवर मुख्य ठपका आला, हे खरे. पण त्याच निष्कर्षात कप्तान आणि पायलट यांचे एकमेकांशी नीट बोलणे झाले नाही, हेही नोंदवले आहे. पुढे कित्येक दिवस तिथल्या कोळ्यांची मासेमारी बंद होती.

हे कशाला सांगते? ७ ऑगस्ट २०१० आपण विसरलेल्या नाही म्हणून. आपल्या बंदरातून निघालेल्या ‘एमएससी चित्रा’ची ‘खलिजिया’शी टक्कर झाली, कंटेनर पाण्यावर तरंगत फिरले, तेल खारफुटीत शिरले. तिची कारणे वेगळी असतील. त्यांत मी शिरत नाही. पण दोन जहाजे भिडली की टोपली कोणाची रिकामी राहते, हे या सभागृहात कोणाला शिकवावे लागणार नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली समुद्रावरची ठरावीक इंग्रजी वाक्ये नक्की केली. ती कोणी मुद्दाम वाचावीत इतकी शहाणपणाची आहेत. त्यांत नुसते ‘यस्’ म्हणून थांबायचेच नाही. ‘यस्’ किंवा ‘नो’ म्हणून पुढे पूर्ण वाक्य म्हणायचे. नांगर तयार आहे का? “यस्, अँकर इज रेडी.” आकडे एकेक करून म्हणायचे, दीडशे म्हणायचे नाही, एक-पाच-शून्य म्हणायचे. चिनी माणूस मोठ्या संख्या दहाहजारांच्या हिशेबाने मोजतो, आपण लाखांच्या, इंग्रज हजारांच्या; शिवाय थर्टीन की थर्टी हा घोळ आहेच. तेव्हा एकेक आकडा बरा. ऐकू आले नाही तर ‘से अगेन’ म्हणायचे. ‘मे’, ‘शुड’ असले दुतोंडी शब्द टाळायचे, कारण ‘मे’ म्हणजे परवानगी की शक्यता, हे वादळात कोण विचारीत बसणार? इंग्रजांनाही हे शिकावे लागते, याचे मला फार समाधान वाटते.

आता आपल्या त्या मुलाची तयारी कशी झाली ते ऐका. मी त्याच्या आईला दहाबारा नकारार्थी प्रश्न देवनागरीत लिहून दिले. ‘यू डिड नॉट ईट?’ ‘द टी इज नॉट हॉट?’ ‘युवर फादर हॅज नॉट कम?’ तिने ते कॅलेंडरच्या पाठीमागे चिकटवले. बोंबील साफ करता करता ती एकदम प्रश्न टाकायची आणि मुलाने पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे, “नो, आय डिड नॉट ईट.” चुकला की ताटातला बोंबील परत टोपात. आईला इंग्रजी येत नव्हते, पण तो ‘यस्’ म्हणाला की ‘नो’ आणि जेवला आहे की नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. परीक्षकाला आणखी काय लागते? महिन्याभरात त्याची सवय मोडली. पुढच्या मुलाखतीत तो निवडला गेला.

दुसरी परीक्षा आयईएलटीएसची. योगायोग पाहा, ती या नावाने सुरू झाली १९८९ साली, आणि आपले बंदरही त्याच वर्षी २६ मे रोजी सुरू झाले. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना ती द्यावी लागते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे तिचे चार भाग, गुण शून्य ते नऊ. ऐकण्याचा भाग एकदाच वाजवतात, दुसऱ्यांदा नाही. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी तर वाचणे, ऐकणे आणि बोलणे यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ लागतात. (आरोग्यसेवेतल्यांसाठी ओईटी म्हणून दुसरीही परीक्षा चालते, तिच्यात रुग्णाविषयी पत्र लिहायचे असते, ते आपल्या नर्स मुलींना अधिक सोयीचे पडते.) आमच्याकडची एक सून लिहिण्यात दोनदा ६ वर अडकली. अर्धा गुण! दर वेळची फी काही थोडीथोडकी नव्हे.

चीनमध्ये जुन्या प्रश्नांची उत्तरे घोकून जाणारे पुष्कळ. आपल्याकडेही क्लासवाले तयार सुरुवाती पाठ करून घेतात. ही मुलगीही तेच करीत होती. परीक्षकांना अशा पाठांतराचा वास येतो, त्यांना तो ओळखायला शिकवलेलेच असते. पण तिचे खरे दुखणे वेगळे निघाले. एका तासात दोन लेखने, पहिले १५० शब्दांचे, दुसरे २५० शब्दांचे. आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. ही पहिल्यातच अर्धा तास रमायची. मग तिच्या सासूबाईंनी स्वयंपाकघरातले घड्याळ ताब्यात घेतले. वीस मिनिटे झाली की झाऱ्याने टोप वाजवायचा, पान उलट! सासूने सुनेला घाईला लावले आणि सून त्यावर खूश झाली, असे मी पहिल्यांदाच पाहिले. तिसऱ्या वेळी ६.५ आले. तिची कागदपत्रे आता चालू आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. आपल्या मुली शाळेत ‘पानी’ म्हणाल्या, ‘डोला’ म्हणाल्या की वर्ग हसतो. घरची आगरी बोली तोंडात घेऊन आलेली पोर तिथेच तोंड मिटते, आणि एकदा मिटलेले तोंड इंग्रजीसाठी कुठून उघडणार? चिनी लोक यालाच ‘मुके इंग्रजी’ म्हणतात: वाचता येते, व्याकरण येते, बोलता येत नाही. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडला. बागेत ठरल्या वेळी जमायचे आणि ओळख असो वा नसो, चुकतमाकत इंग्रजी बोलायचे. त्याला ते ‘इंग्रजी कोपरा’ म्हणतात. शांघायच्या पीपल्स पार्कातला फार प्रसिद्ध. आणि खरे सांगू? ‘पानी’ म्हणणारी मुलगी शाळेत ‘पाणी’ म्हणायला शिकली, तेव्हा तिने एक बोली राखून दुसरी बोली कमावलेलीच असते. पुस्तकी मराठीतच वाढलेल्या माझ्यासारखीला तो सराव नव्हता.

तेव्हा मंडळाकडे माझे मागणे आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच हे सभागृह रिकामेच असते. किल्ली माझ्याकडे द्यावी. चटई आणि घड्याळ मी आणीन. कोणी हसायचे नाही, एवढा एकच नियम.

त्या मुलाचे राहिले. परवा त्याचा शांघायहून फोन आला. त्याच्या जहाजावर दुसरा अधिकारी चिनी आहे. याने त्याला विचारले, “यू हॅव नॉट स्लेप्ट?” रात्रभर पहाऱ्यावर उभा असलेला तो बिचारा म्हणाला, “यस्, यस्.” मुलगा आईला सांगत होता, “आई, हा तर आपल्याच गावचा निघाला गं!” आईने लगेच कॅलेंडरवरचा पहिला प्रश्न टाकला, “यू डिड नॉट ईट?”

तो म्हणाला, “हो.”