मशीन ओढत नाही म्हणजे मोटर गेली असं नव्हे

(दिवाळीच्या साफसफाईआधी सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जानेफळात ही सोसायटी कशी उभी राहिली, प्लॉट कसे पडले, रस्ता कधी झाला, पहिल्या बोअरला पाणी कसं लागलं, हे सगळं रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने इतरांनी सांगितलं आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं आहे. माझ्या वाट्याला सचिवांनी वेगळाच विषय दिला, आपल्या सोसायटीचा व्हॅक्यूम क्लीनर. "काका, दिवाळीच्या आधी एकदा सगळ्यांना समजावून सांगा, नाहीतर परत तेच होईल," असं ते म्हणाले. 'तेच' म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

वर्गणी काढून घेतलेलं आपलं मशीन नोंदवहीत सही करून कोणत्याही सभासदाला घरी नेता येतं. गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास ते ओढेनासं झालं. आवाज भरपूर, काम शून्य. तालुक्याला एका कारागिराकडे नेलं. त्याने नुसतं चालू करून पाहिलं आणि सांगितलं, "मोटर गेली, २४०० रुपये लागतील." आता २४०० घालायचे की भंगारात देऊन नवीन घ्यायचं, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला. पैसे सगळ्यांचे होते, पण खरी अडचण एका घराची होती. आपल्या एका वहिनींना दम्याचा त्रास आहे. झाडूने खोली झाडली की त्यांना रात्र बसून काढावी लागते. नोंदवही उघडून पाहा, मशीन सगळ्यात जास्त वेळा त्यांच्याच घरी गेलेलं दिसेल. त्यामुळे 'पुढच्या सभेत बघू' म्हणून भागणार नव्हतं.

बँकेत जन्म घालवला की माणसाला एक खोड लागते. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर कोणी खातेवही फाडून फेकत नाही, फरक शोधतो. फरकाला नऊने भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेले असतात, ७२ चे २७. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. तेही नसेल तर दिवसाचे व्यवहार दोन भागांत तोडायचे आणि कोणत्या अर्ध्यात घोळ आहे ते आधी ठरवायचं. मशीनचा फरकही असाच सापडतो. मोटर मेली असं जाहीर करण्याआधी हवेचा रस्ता तपासायचा.

हवेचा रस्ता म्हणजे काय, हे शेती असलेल्यांना लगेच कळेल. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण तो पाण्याला हात घालून ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतोच, एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. तो दाब पाणी वर ढकलतो. म्हणून तर काठावरचा पंप, कितीही हॉर्सपॉवरचा आणा, दहा मीटरपेक्षा खालचं पाणी उचलू शकत नाही. प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच हात टेकतो आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप खाली उतरवावा लागतो. व्हॅक्यूम क्लीनर हा हवेचा पंप आहे. आतला पंखा हवा मागे फेकतो, आत दाब कमी होतो, बाहेरची हवा तोंडातून घुसते आणि येताना धूळ घेऊन येते. हवा घुसली नाही तर धूळ येणार कशी?

पंप पाणी देईनासा झाला की आपण काय पाहतो? एक तर फूटव्हॉल्व्ह, ज्याला पुष्कळ जण फुटबॉल म्हणतात, तो पालापाचोळ्याने तुंबला का. नाहीतर पाइपाला कुठे भोक पडून पंप हवा खातोय का. व्हॅक्यूम क्लीनरचेही आजार मुख्यतः हेच दोन आहेत, रस्ता तुंबला किंवा रस्ता फुटला. मोटरचा नंबर त्यानंतर.

आता आवाजाबद्दल. यात भलेभले फसतात. मशीनचा आवाज चढला, किंचाळल्यासारखा झाला की लोक म्हणतात, "मोटरवर लोड आला." नेमकं उलट आहे. रस्ता तुंबला की पंख्याला फेकायला हवाच मिळत नाही, त्याचं काम कमी होतं आणि मोटर हलकी होऊन जोरात पळते. पंपाने पाणी सोडलं की स्टार्टरवरचा ॲम्पिअरचा काटा खाली पडतो, तसंच हे. त्या कारागिराने किंचाळणारी मोटर ऐकून ती गेली म्हटलं. मला त्या आवाजावरूनच शंका आली, कारण मरणारी मोटर सहसा अशी उत्साहाने पळत नाही.

मग आम्ही दोन-तीन जणांनी इथेच, याच टेबलावर, हाताच्या तळव्याने परीक्षा घेतली. ती नीट सांगतो, घरी करता येईल. मशीन चालू करून पुढच्या तोंडावर तळवा दाबून धरायचा. धडधाकट मशीनचा आवाज लगेच चढतो आणि तळवा चिकटतो. आधीपासूनच आवाज चढलेला असेल आणि तळवा ठेवल्याने काही फरक पडत नसेल, तर रस्ता पुढे कुठेतरी तुंबलेला आहे. आवाज नेहमीसारखा असेल, तळवा ठेवूनही चढत नसेल, तर कुठून तरी चोरून हवा आत येते आहे. एवढं कळलं की रस्त्याचे दोन भाग करायचे. लांब पाइप मशीनपासून काढायचा आणि मशीनच्या भोकावरच तळवा धरायचा. तिथे जोरात ओढलं तर मशीन निर्दोष, घोळ पाइपात. तिथेही ओढलं नाही तर घोळ पिशवीत किंवा फिल्टरात. दोन मिनिटांचं काम आहे, पाना-स्क्रूड्रायव्हर काही लागत नाही.

आपल्या मशीनमध्ये घोळ दोन्हीकडे निघाला.

पाइप काढल्यावर ओढ थोडी वाढली, पण पुरेशी नाही. आधी पाइप पाहू. पाइपातून पोरांची खेळायची गोटी सोडायची. दुसऱ्या टोकाने खाली पडली तर रस्ता मोकळा. आमची गोटी मध्येच बसली. कोणाची तरी केसांची पिन वळणावर आडवी झाली होती आणि तिच्यावर केस, कापसाचे तंतू, गादीतली रुई असा छान गोळा जमला होता. असा गोळा काढायला लोखंडी सळई घालू नका, पाइप आतून फाटतो आणि तुंबलेल्याच्या जोडीला फुटलेलाही होतो. पाइप सरळ टांगून बाहेरून दाबत दाबत गोळा सरकवायचा. काही मशीनना मागच्या बाजूला, जिथून हवा बाहेर पडते तिथे, पाइप लावून फुंकर मारायची सोय असते. ती वापरायची असेल तर अंगणात जा आणि पाइपाचं तोंड कोणाच्या दिशेला धरू नका.

पण मुख्य गुन्हेगार पिशवी होती, आणि गंमत अशी की ती अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. "पिशवी तर रिकामीच आहे ना काका, मग काऊन ओढत नाई?" असं एका पोराने विचारलं. प्रश्न बरोबर होता. पिशवीचं काम धूळ ठेवून हवा जाऊ देण्याचं. ती हवा कापडाच्या बारीक छिद्रांतून जाते. भरड कचरा, केस, कागद, यांनी पिशवी भरते, पण छिद्रं उघडी राहतात. पिठासारखी बारीक धूळ मात्र मूठभर असली तरी कापडावर आतून लेप देते आणि छिद्रं बंद करते. आपल्याकडे अशा बारीक धुळीची काय कमी? उन्हाळ्यात काळ्या मातीची, सोयाबीनची मळणी चालू असली की भुशाची, घराचं काम काढलं की सिमेंटची आणि पुट्टी घासल्याची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रांगोळी. ती दगडाचंच पीठ असते. आपल्या पिशवीच्या आत पांढरा, जरा गुलाबी झाक असलेला थर होता. कोणाच्या दारातली रांगोळी होती ते नोंदवहीवरून काढता आलं असतं, पण मी काढलं नाही, आणि कोणी काढूही नये.

पिशवीच्या मागे मोटरच्या आधी एक स्पंजाचा फिल्टर असतो. पुष्कळ घरांत तो आहे हेच माहीत नसतं. आपला स्पंज काढला तेव्हा पुरणपोळीसारखा भरलेला होता. तो साध्या पाण्यात धुतला. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस. ओला बसवला तर त्यावर येणाऱ्या धुळीचा चिखल होतो आणि ओलावा मोटरकडे जातो. कागदाचा घड्या घातलेला फिल्टर असेल तर पुस्तिकेत 'धुता येतो' असं लिहिलं असेल तरच धुवा, नाहीतर झटका किंवा बदला. आपण पिशवी १८० रुपयांची नवीन घेतली. एकूण खर्च तेवढाच. तळवा ठेवला तर सोडवायला जोर लागला! दुसऱ्या दिवशी मशीन वहिनींच्या घरी गेलं. मोटरला कोणी हात लावला नव्हता.

फुटलेल्या रस्त्याचंही थोडं सांगतो. लवचीक पाइप सहसा टोकाच्या मुठीजवळ चिरतो, कारण तिथेच तो रोज वाकतो. झाकणाचं रबरी वायसर सरकलं किंवा झाकण नीट बसलं नाही तरी ओढ जाते. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे मुठीवरची ती छोटी सरकती खिडकी. पडदे साफ करताना ओढ कमी करायला ती असते. कोणीतरी उघडते, बंद करायचं विसरते आणि पुढचा माणूस मशीनला नावं ठेवतो. गळती शोधायला सांध्यांजवळून एक सुती दोरा फिरवा, जिथे आत खेचला जाईल तिथे गळती. अगरबत्तीचा धूर फिरवायची युक्ती कोणी सांगेल, ती करू नका. ठिणगी आत गेली तर तिथे धूळ, केस आणि कापूस यांची होळी तयारच असते.

रस्ता तुंबलेला असताना तसंच चालवत राहणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. कोरड्या कचऱ्याच्या पुष्कळ घरगुती मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरला थंड करते. हवा नाही म्हणजे मोटर तापणार. काहींमध्ये तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. असं बंद पडलं तर प्लग काढा, तासभर तसंच ठेवा आणि मधल्या वेळात पिशवी पाहा. दर पाच मिनिटांनी बटण दाबून बघत बसू नका. रस्ता साफ आहे, गळती नाही, तरी आवाज मंद येतो, जळका वास येतो, आत ठिणग्या दिसतात, तेव्हा मात्र कारागीरच हवा. बऱ्याचदा तेव्हाही मोटरचे कार्बन झिजलेले असतात, ते बदलून मिळतात. कारागिराला एवढंच सांगा, की पिशवी, फिल्टर, पाइप आम्ही तपासले आहेत. मग तोही जरा जपून बोलतो.

व्होल्टेज कमी असेल तरी ओढ कमी होते. आता एलईडी दिव्यांवरून ते ओळखू येत नाही, छताच्या पंख्याकडे पाहा. पंखा रेंगाळत असेल तर मशीनला दोष देऊ नका, रात्री जेवणं झाल्यावर परत लावून पाहा.

थोडं विषयांतर करतो, चालेल ना? १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने ओढणारं मशीन काढलं, ते एवढं मोठं होतं की घोडागाडीवरून आणून रस्त्यावर उभं करत आणि खिडक्यांतून पाइप घरात सोडत. घरात मावणारं मशीन अमेरिकेतल्या ओहायोमधल्या जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराने केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. त्याला दम्याचा त्रास होता, झाडूच्या धुळीने जीव नकोसा व्हायचा, म्हणून त्याने विजेचा पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हे जमवलं. म्हणजे पहिली पिशवी उशीच्या अभ्र्याची. हे मी वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, माझा नमस्कार घे."

आता दिवाळीचं. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा फटाक्यांचा कचरा मशीनने ओढायचा नाही. त्यात न जळलेली दारू असते आणि मोटरच्या आत ठिणग्या असतात. पणतीची वात, अगरबत्तीची राख, चुलीतली गरम राख, तेही नाही. सांडलेलं पाणी, दूध, तेल, आपल्या मशीनने अजिबात नाही, ते फक्त कोरड्या कचऱ्याचं आहे. दारातली रांगोळी आधी झाडूने आणि मग ओल्या फडक्याने काढा. पिशवी उघडण्याआधी प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून भागत नाही. पिशवी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून नव्हे, वारा पाठीवर घेऊन झटकायची, आणि ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला सांगायचं. ते कोणी करायला नसेल तर मला हाक मारा, मी सकाळी सात ते नऊ घरीच असतो.

नोंदवहीत मी सचिवांच्या परवानगीने दोन नवे रकाने आखले आहेत, 'पिशवी झटकली' आणि 'पाइपातून गोटी गेली'. परत करताना दोन्हींत सही हवी. गोटी मशीनच्या खोक्यात दोऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे, पोरांनी ती खेळायला नेऊ नये. जास्तीची पिशवी ऑफिसच्या कपाटात दुसऱ्या खणात आहे.

आता मी थांबतो. मशीन समोर टेबलावर आहे. पाइपात कुठेतरी मुद्दाम एक फडकं कोंबून ठेवलं आहे आणि मुठीवरची खिडकीही उघडी आहे. ज्यांना तळव्याची परीक्षा करून पाहायची आहे त्यांनी एकेक करून पुढे या. भगिनींनी आधी यावं, मशीन शेवटी त्यांच्याच हातात जास्त असतं.