जुना बेंजो

विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजोवर आपण सगळेच नाचलोय, पण तो वाजवणारी बाई मी तरी पाहिली नव्हती. म्हणून यंदा कात्रपमधल्या एका बेंजो पार्टीकडून जुना बेंजो विकत घेतला. तारा गंजलेल्या होत्या, त्या बदलल्या. हे वाद्य मूळचं जपानचं. नागोयात १९१२ साली गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवली. म्हणजे डाव्या हाताचं काम माझ्या नोकरीतलंच! वीस वर्षं कीबोर्डच बडवतेय. खरी परीक्षा उजव्या हाताची. तारा छेडताना लय सुटते, आणि नाचणाऱ्यांचे पाय तर तिच्यावरच पडतात. शेजारच्या काकू विचारतात, "आता या वयात?" लेक ताशा शिकतेय. भाद्रपदात आम्ही दोघी मिरवणुकीत वाजवणार आहोत. नाचायला या.