गोळ्यांची मोजणी
(कार्यकर्ता शिबिरातले बोलणे)



मोजणी म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो. दोन एकर कसतो म्हणून वनहक्काचा दावा टाकतो, आणि पट्टा हातात येतो काही गुंठ्यांचा. म्हणून आपण शिकलो, की मोजणीच्या वेळी आपलं माणूस शेतात उभं पाहिजे. आज दुसऱ्या एका मोजणीबद्दल बोलू.

एचआयव्हीची औषधं सरकार २००४ पासून फुकट देतं. आता बहुतेकांना रोज एकच गोळी असते. पण ती जन्मभर घ्यायची. गोळ्या चुकत गेल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून एआरटी केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजतात. हिशेब सोपा आहे. ३० दिवसांच्या ३० गोळ्या नेल्या, महिना संपल्यावर डबीत ४ उरल्या, म्हणजे पोटात २६ गेल्या. शंभरात ८७. पाहिजेत ९५च्या वर. महिन्यात एक चुकली तर निभावतं, दोन चुकल्या की आपण रेषेखाली.

पण त्या ४ गोळ्या का उरल्या, हे डबी सांगत नाही. दिवाळीनंतर डहाणू-तलासरीचे पाडे रिकामे होतात. कुणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी गुजरातच्या बोटींवर खलाशी. बोट कितीतरी दिवस समुद्रात. एवढ्याशा जागेत सगळे झोपणार, तिथे डबी लपवायची कुठे? भट्टीवर उचल घेतलेली बाई केंद्राच्या तारखेला जाणार, तर दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. शेठ विचारतो, कसलं औषध?

मग केंद्रात ओरडा बसेल म्हणून माणूस काय करतो? उरलेल्या गोळ्या वाटेत टाकतो. डबी रिकामी, कागदावर शंभरात शंभर, आणि अंगात औषध नाही. भीतीनं मोजणी खोटी होते. पुढे रक्तातल्या विषाणूची तपासणी होते, तिला व्हायरल लोड म्हणतात, तेव्हा खरं बाहेर येतं. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून आपलं म्हणणं असं. मोजा, जरूर मोजा. पण "का नाही घेतली?" असं दरडावू नका. "कुठं होतीस, काय आड आलं?" असं विचारा. आणि आपणही डबी उरल्या गोळ्यांसकट न्यायची, खरं बोलायचं. स्थलांतराला निघण्याआधी केंद्रात सांगायचं: जास्त दिवसांचं औषध द्या, नाहीतर जिथं जातो तिथल्या केंद्राची चिठ्ठी द्या. व्हायरल लोडची तारीख विचारायची. औषध नीट चालून विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे नवरा-बायको दोघांनी ऐकून ठेवा. भगताकडे जायचं तर जा, पण गोळी सोडू नका.

शेवटची गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. दाव्यांची यादी आपण ग्रामसभेत मोठ्यानं वाचतो, कुणाचं नाव राहू नये म्हणून. ही यादी मात्र करायचीच नाही. कुणाला आजार आहे हे त्याच्या संमतीशिवाय सांगायचं नाही, आजारावरून कामावरून काढायचं नाही, असा २०१७चा कायदाच आहे. कुणी आपण होऊन सांगितलं, तर ते आपल्यापाशीच राहू द्या. तारखेला त्याच्याबरोबर जा, नाहीतर त्या दिवशी त्याची पोरं सांभाळा.

जमिनीच्या मोजणीत आपण एकमेकांच्या बांधावर उभे राहिलो. इथंही तसंच उभं राहायचं, फक्त गाजावाजा न करता.

जिंदाबाद!