खेळांचे ग्रंथालय

1983 साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे दूरचित्रवाणीला जोडावयाचे खेळयंत्र विक्रीस आणले. 1990 नंतरच्या दशकात त्याच्या स्वस्त नकला फरीदाबादसारख्या उद्योगनगरींतील अनेक घरांत शिरल्या. खेळाच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. 1985 चा ‘सुपर मारिओ’ अवघ्या 40 किलोबाइटांत मावला होता. कॅसेटीवर 9999 खेळांचे आश्वासन असे. आत मात्र मोजकेच खेळ नावे पालटून पुनःपुन्हा येत. तरीही त्या तोकड्या संग्रहावर एका पिढीचे बालपण पोसले. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथाची प्रत 1954 च्या कायद्यान्वये राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावी लागते. या खेळांना तसा आश्रय नाही. तेव्हा माळ्यावरची कॅसेट भंगारात घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तिचे ग्रंथालय म्हणजे तो माळाच होय.