वाचनकट्ट्याने मला काय दिलं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय, आपला वाचनकट्टा. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, साहित्यातली जाणकार वगैरे नाही. तेव्हा आपण काय वाचलं आणि त्यातून काय झालं, एवढंच सांगते.

२०२२ च्या जानेवारीत ऑफिसमधलं जुनं लोखंडी कपाट रिकामं झालं आणि आम्ही पाचजणींनी घरची पुस्तकं त्यात आणून ठेवली. पहिल्याच बैठकीत वाद. एकीला फक्त आत्मचरित्रं हवीत, कारण खरं घडलेलं वाचलं की वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही. दुसरीला कादंबरीशिवाय चालत नाही. कॉलेजातली मुलं म्हणाली, "काकू, पाचशे पानं कोण वाचणार? कथा घ्या." शेवटी आळीपाळी ठरली. एक महिना आत्मकथन, एक महिना कथा, एक महिना कादंबरी. पुस्तक शक्यतो अलीकडचं. भांडण मिटवायला केलेला हा नियम आम्ही आजपर्यंत मोडलेला नाही.

सुरुवात केली जयंत नारळीकरांच्या 'चार नगरांतले माझे विश्व'पासून. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. सगळे खूश. मग ऊर्मिला पवारांचं 'आयदान' घेतलं. लेखिकेची आई बांबूची आयदानं, म्हणजे टोपल्या-सुपं विणून घर चालवायची, आणि लेखिका त्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचं नातं जोडते. चर्चेत कोणीतरी म्हणालं, "पण हे सगळं आता जुनं झालं ना?" तेव्हा ए विंगमध्ये भाड्याने राहणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "इथे यायच्या आधी दोन ठिकाणी आमचं आडनाव विचारलं आणि फ्लॅट द्यायचा नाही म्हणून सांगितलं." पुढे कोणी बोललं नाही. चहा तसाच गार झाला. आत्मकथनाचं हे असतं. ते वाचून झालं की शेजारचा माणूस स्वतःचं सांगायला लागतो.

कथेची मजा निराळी. ती एका बैठकीत मोठ्याने वाचता येते. जयंत पवारांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा संग्रह, ज्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आम्ही असाच वाचला. आपल्या सोसायटीत गिरणगावातून आलेली चार कुटुंबं आहेत. १९८२ च्या संपाचं नाव निघालं की ती मंडळी एरवी विषय बदलतात. त्या दिवशी नाही बदलला. किरण गुरवांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ने खेड्यातून शहरात शिकायला आलेल्यांना बोलतं केलं.

नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीवर मात्र दोन तट पडले. तिला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता आणि खऱ्यांनी तो नाकारला होता. उद्याच्या पाळतीच्या जगाची गोष्ट. आम्हा ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी ती अर्ध्यात सोडली, मुलांनी संपवली आणि आपल्याच गेटवरच्या कॅमेऱ्यांवर तासभर वाद घातला. पुस्तक अर्ध्यात सोडायला कट्ट्यावर पूर्ण परवानगी आहे. फक्त का सोडलं, ते येऊन सांगायचं.

आता जे सांगायला मी खरं तर उभी राहिले, ते सांगते. ज्यांच्याबद्दल आहे, त्यांची परवानगी घेतली आहे.

बी विंगमधले काका आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. टाकी ओव्हरफ्लो झाली की रात्री अकरा वाजता बेल वाजवणारे. गाडी पाइपने धुताना दिसला की खाली उतरून नळ बंद करणारे. माझं आणि त्यांचं एकदा गच्चीवर कडाक्याचं भांडण झालं होतं. मी त्यांना चिक्कू म्हटलं होतं, तेही चारचौघांत. त्यानंतर तीन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता उभे राहायचो.

२०२४ मध्ये कादंबरीचा महिना होता आणि आम्ही कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घेतली होती. धरणामुळे उठलेल्या गावाची गोष्ट. मागे राहिलेल्या म्हशीसाठी माणूस त्या जुन्या गावाकडे परत जातो. काका आले ते ऑफिसमधले दोन्ही पंखे कशाला चालू आहेत, हे विचारायला. दारातच थांबले. मग खुर्ची ओढून बसले.

शेवटी म्हणाले, "आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. शिवसागर म्हणतात ना, त्याच्या. मी नऊ वर्षांचा होतो. म्हैस वडिलांनी आधीच विकली होती. मांजर राहिलं. मांजर घर सोडत नाही. मी रडलो तर आजी म्हणाली, पाणी चढलं की येईल आपोआप." थोडं थांबून म्हणाले, "आणि जिथं नेऊन बसवलं, तिथं प्यायला पाणी नव्हतं. आई दोन कोसांवरून आणायची."

बावीस वर्षं आम्ही एकाच टाकीचं पाणी पितोय आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "माफीचं राहू द्या, तुमच्या बाथरूमचा नळ ठिबकतोय, तो आधी बदला." बदलला.

काका आता कट्ट्यावर येतात. कथा त्यांना अजूनही आवडत नाही. "सुरू होते तोवर संपते," म्हणतात. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' मी त्यांना दिली, तीही धरणग्रस्तांचीच. ती त्यांनी दोनदा नेली आणि दोन्ही वेळा न वाचता परत आणली. मी कारण विचारलं नाही.

मला स्वतःला विचाराल तर पूर्वी मी एकाच प्रकारचं वाचायची, आपल्यासारख्याच माणसांचं. आळीपाळीच्या नियमामुळे जी पुस्तकं मी हातात घेतली नसती, ती घ्यावी लागली. आणि ज्यांच्या दारावर मी कधी थाप मारली नसती, त्यांच्याकडे आता जाणं-येणं आहे.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. कपाटात सध्या २१४ पुस्तकं आहेत, किल्ली वॉचमनदादांकडे असते आणि वहीत नाव लिहून पुस्तक नेता येतं. ज्यांच्याकडे वर्षभर पडून आहेत, त्यांनी कृपया परत आणावीत, दंड नाही. पुढचा महिना कथेचा आहे. तेव्हा काका नाराज असतील. त्यांची समजूत घालायला तरी या.