मधे न बोलता

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर आम्ही पाचजणी पाच गावांना पांगलो. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी एक कादंबरी वाचायची आणि आपापलं म्हणणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं, असं चाललंय.

मागे विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) वाचली. हे नाव घेऊन लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर सोलापूरला, ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत अधिकारी होत्या. १८७१ चा तो कायदा देशभरातून जायला १९५२ साल उजाडलं. आम्ही चौघी लेखिकेच्या धाडसावर भरभरून बोललो. पाचवीची आजी अशाच एका वसाहतीत वाढलेली. तिचं रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं. “बाईंनी पाहिलं ते खरंच, पण हजेरीच्या टेबलामागून. आपण केस-रिपोर्ट लिहितो ना, तसं.”

समोरासमोर असतो, तर तिसऱ्या वाक्यालाच कुणीतरी तिची समजूत काढायला लागलं असतं. आपल्या बैठकांत हे होतंच! इथे मधे बोलायची सोयच नव्हती.

पुढचं पुस्तक तिने सुचवलंय, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७). ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, असं एकीने कळवलं. “मग नियम बदला,” तिचं उत्तर. दोघींचं मत अजून यायचंय.